सैल गोळी, घट्ट गोळी

साकोलीच्या पुढे एका शाळेत गेलो असताना मधल्या सुटीत मुलांचा एक खेळ पाहायला मिळाला. वीतभर लांबीची बांबूची नळी, तिच्यात सहज सरकणारी एक काडी आणि ओल्या कागदाचे बोळे, एवढेच साहित्य. पहिला बोळा काडीने नळीच्या पुढच्या टोकापर्यंत न्यायचा, मग दुसरा मागून दाबायचा. दोहोंमधली हवा कोंडते, दाबली जाते आणि पहिला बोळा 'फट्' करून उडतो. जगदलपूरच्या गोंचा उत्सवात हीच वस्तू 'तुपकी' या नावाने दिसते. तिथे बोळ्यांऐवजी मालकांगणीची फळे वापरतात.

आमच्यापैकी एकाने बोळा करून पाहिला. तो सैल झाला. हवा बाजूने निसटली आणि बोळा नुसता गळून पडला. दुसरा जरा मोठा केला, तर तो नळीत शिरेचना. बाजूला उभा असलेला पाचवीतला मुलगा हसून म्हणाला, "थुका लावा न जी, सर!" थुंकी लावली आणि बोळा सरकला. उडालाही चांगला दूर.

त्या मुलाने जे एका वाक्यात सोडवले, त्याच्यापायी युरोपातले बंदूक बनवणारे शंभराहून अधिक वर्षे झगडत होते. आणि त्यांनी शोधलेल्या उत्तराचे, म्हणजे त्यांच्या 'थुंकी'चे, आपल्या देशात काय झाले ते इतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. फक्त पाठ्यपुस्तकात त्यामागचे पदार्थविज्ञान सापडत नाही. ते इथे मांडायचा विचार आहे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात 'भरमार' म्हटले की लोकांना समोरून भरायची बंदूक कळते. पुस्तकी मराठीत ती ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीचा किंवा कागदाचा बोळा, मग शिशाची गोळी किंवा छर्रे, आणि हे सारे गजाने ठासायचे. मागच्या बाजूला छोट्याशा टोपीवर घोडा आपटला की ठिणगी आत जाते. या बंदुकीची अडचण तिच्या नावातच आहे. ज्या वाटेने गोळी बाहेर जाणार, त्याच वाटेने ती आत ढकलावी लागते. आत जाताना ती सैल हवी, नाहीतर शिपाई ठासतच बसेल. बाहेर पडताना ती घट्ट हवी, नाहीतर दारूचा वायू बाजूने निसटेल. गोळी एकच, नळी एकच, आणि मागण्या मात्र उलट.

फटीची किंमत

सीताबर्डीच्या टेकडीवर नोव्हेंबर १८१७ मध्ये भोसल्यांच्या फौजेशी कंपनीचे शिपाई लढले, तेव्हा त्यांच्यासारख्या पायदळाची नेहमीची बंदूक आतून गुळगुळीत नळीची असे. नळीचा आतला व्यास सुमारे ०.७५ इंच आणि गोळी सुमारे ०.६९ इंच. म्हणजे दीड मिलिमीटरची फट. भरायला सोपे म्हणून ही फट मुद्दाम ठेवलेली. गोळी नळीत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाहेर येई आणि शेवटचा टप्पा जिथे पडेल त्याप्रमाणे वाटेल तशी गिरकी घेऊन निघे. कर्नल जॉर्ज हँगर या इंग्रज सैनिकाने १८१४ मध्ये स्पष्टच लिहिले होते, की या बंदुकीने ८० यार्डांवर, फार तर १०० यार्डांवर माणसाला नेम लागेल. २०० यार्डांवर नेम धरणे म्हणजे चंद्रावर नेम धरणे.

गिरकीचा आणि वळण्याचा संबंध त्याआधीच उलगडला होता. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफगोळ्यांच्या गतीवर पुस्तक लिहिले. पुढे त्याने केलेला एक प्रयोग आम्हाला फार आवडतो. त्याने एका बंदुकीच्या नळीचे तोंड किंचित डावीकडे वाकवले आणि पुढे ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी पडद्यांना भोके पाडत जाईल आणि भोके जोडली की तिचा मार्ग मिळेल, इतकी साधी युक्ती. गोळी सुरुवातीला डावीकडे गेली, हे अपेक्षितच होते. पण पुढच्या पडद्यांवरची भोके उजवीकडे सरकत गेली! वाकलेल्या नळीत गोळी उजव्या भिंतीला घासत गेली होती, त्यामुळे तिला एका ठरावीक दिशेने गिरकी मिळाली आणि हवेने तिला उजवीकडे वळवले. क्रिकेटमध्ये फिरकी चेंडू हवेतच दिशा बदलतो ती हीच गोष्ट.

मग उपाय काय? गिरकी टाळता येत नसेल तर ती आपल्याला हवी तशी द्यायची. नळीच्या आत मळसूत्रासारख्या पेचदार खाचा पाडायच्या, म्हणजे गोळी प्रवासाच्या दिशेलाच अक्ष ठेवून फिरेल आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहील. अशी नळी म्हणजे रायफल. शिकाऱ्यांना ती कित्येक वर्षे माहीत होती. पण खाचांनी गोळीला पकडायचे तर गोळी घट्ट हवी. १८०० साली इंग्रज फौजेत आलेल्या बेकर रायफलीत गोळीभोवती तेलकट कातड्याचा तुकडा गुंडाळत, आणि सुरुवातीला ती ठोकण्यासाठी शिपायाला चक्क लाकडी हातोडी दिली होती. गुळगुळीत नळीचा शिपाई मिनिटाला तीन बार काढी, तेवढ्या वेळात रायफलवाल्याचा एखादाच होई. म्हणून रायफल थोड्या निवडक तुकड्यांपुरती राहिली.

फुंकनळीतला भेंड

यातून सुटण्याची वाट भारतातून दिसली असे सांगतात. कॅप्टन जॉन नॉर्टन हा इंग्रज अधिकारी दक्षिण भारतात असताना त्याने तिथल्या लोकांची फुंकनळी पाहिली. तिच्यातल्या बाणाच्या बुडाला मऊ, लवचीक भेंड लावलेला असे. तोंडाने फुंकले की भेंड फुगून नळीच्या भिंतीला टेकतो आणि हवा निसटू देत नाही. आत घालताना सैल, फुंकताना घट्ट! नॉर्टनने १८२३ च्या सुमारास बुडाशी पोकळ अशी लांबट गोळी तयार केली. दारूचा वायू पोकळीत शिरून मऊ शिशाला बाहेर फुगवील, ही कल्पना. लष्कराने ती नाकारली. १८३५ च्या सुमारास विल्यम ग्रीनर या बंदूक बनवणाऱ्याने पोकळीत पाचर घातलेली गोळी करून दाखवली. तीही नाकारली गेली. १८४९ मध्ये फ्रान्सच्या कॅप्टन मिनिए याने लोखंडी वाटी बसवलेली गोळी केली, तेव्हा मात्र इंग्रज सरकारने त्याला २०,००० पौंड दिले. ग्रीनरने पुष्कळ भांडून १८५७ मध्ये १,००० पौंड मिळवले. फुंकनळीवाल्यांना कोणी काही दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

या गोळीवर बेतलेली इंग्रजांची रायफल म्हणजे १८५३ ची एनफिल्ड. तिची मापे फळ्यावर लिहून मुलांकडून गणिते करून घेण्यासारखी आहेत. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचा ०.५६८ इंच. फरक ०.००९ इंच, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर; त्यातच गोळीभोवती काडतुसाचा कागदही मावायचा. गोळीचे वजन सुमारे ३४ ग्रॅम, दारू सुमारे साडेचार ग्रॅम. खाचांचा एक पूर्ण फेरा ७८ इंचांत, म्हणजे जवळजवळ दोन मीटरमध्ये. गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने बाहेर पडते असे धरले तर ती सेकंदाला किती गिरक्या घेते? सुमारे १७५. नळीची लांबी मात्र ३९ इंच, तेव्हा नळीच्या आत गोळी अर्धाच फेरा घेते. हे उत्तर मुलांना खोटे वाटते. पुन्हा करून पाहा म्हणावे.

आता फटीकडे वळू. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन पदार्थ म्हणून उरतो. पांढरा धूर दिसतो तो यातलाच, पण काही भाग नळीत कीट होऊन बसतो. या किटात पोटॅशियम कार्बोनेट असते, जे चुलीच्या राखेतही असते. ते हवेतली ओल शोषते. त्यामुळे दमट हवेत कीट मऊ राहते आणि पुढच्या गोळीबरोबर पुसले जाते. कोरड्या उन्हाळ्यात मात्र ते टणक होते. पाव मिलिमीटरच्या फटीत असे कीट साचले की काही बारांनंतर गोळी मध्येच अडकणारच.

म्हणून वंगण हवे. बोळ्याला लावायची थुंकी ती हीच! काडतुसाच्या कागदी नळीचे गोळीकडचे टोक वंगणात बुडवलेले असे. सुरुवातीच्या मिश्रणात चरबी भरपूर आणि मेण अगदी थोडे होते. चरबी ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते, मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना. इंग्लंडच्या हवेत हा फरक कोणाला जाणवायचे कारण नव्हते. भंडाऱ्यात वैशाखात सावलीतच पारा ४० च्या वर जातो, आणि उन्हात ठेवलेल्या लोखंडाला हात लावून पाहिला तर बाकीचे सांगावे लागत नाही. चरबी कागदात मुरून जाते किंवा ओघळते, गोळी कोरडी पडते आणि गज मध्येच थांबतो.

एक परीक्षा आणि तिच्यात न विचारलेला प्रश्न

हे धोके इंग्रजांना अगदीच सुचले नव्हते असे म्हणता येणार नाही. १८५३ मध्ये वंगण लावलेली काडतुसे मुद्दाम भारतात पाठवली गेली ती हवामानाचा त्यांच्यावर काय परिणाम होतो ते पाहण्यासाठीच. कलकत्ता, कानपूर आणि रंगून येथे ती ठेवली गेली. काही तर पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांच्या कमरेच्या पिशव्यांतून वागवली गेली. १८५५ मध्ये ती अहवालासह परत गेली. परीक्षा वंगणाची होती: टिकते की नाही? ते कशाचे आहे, हा प्रश्न परीक्षेत नव्हता.

तो एका माणसाने विचारला होता. बंगाल सैन्याचे ॲडज्युटंट जनरल कर्नल हेन्री टकर यांनी डिसेंबर १८५३ मध्ये लेखी कळवले, की या वंगणातली चरबी शिपायांच्या धर्माला बाध आणणारी नाही अशी खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे हिंदी पलटणींना देऊ नयेत. कागद वर गेला आणि तिथेच राहिला. योगायोग असा, की त्याच महिन्यात, ११ डिसेंबर १८५३ रोजी, नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. दत्तक नाकारून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले आणि भंडारा कंपनीच्या अमलाखाली आले.

पुढचे सर्वांना माहीत आहे, तेव्हा थोडक्यात. एनफिल्डचे शिक्षण देण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे केंद्रे निघाली. काडतुसाचे टोक दातांनी फाडून दारू नळीत ओतायची, ही जुनीच रीत होती. वंगण मात्र नवे होते. ते गाय आणि डुकराच्या चरबीचे असल्याची बातमी जानेवारी १८५७ मध्ये डमडमहून पसरली. चरबी कोणत्या जनावराची घ्यावी यावर कसलेच बंधन ठेवलेले नव्हते, त्यामुळे सरकारला ठाम नकार देता येईना. महिनाअखेरीस शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे अशी परवानगी निघाली, पण विश्वास उडाला होता. २४ एप्रिलला मीरतेत ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली, आणि ती तर जुन्या पद्धतीचीच होती. जूनमध्ये नागपुरात टाकळीच्या रिसाल्याने उठावाचा बेत केला, तो फसला.

काडतुसांमुळे १८५७ झाले असे आम्ही वर्गात सांगत नाही, कोणी सांगूही नये. राज्ये खालसा झाली होती, जमिनी गेल्या होती, पगार आणि मान यांची दुखणी होती. पण काडतुसाला चरबी का होती, असे मुलांनी विचारले तर 'इंग्रजांनी मुद्दाम लावली' हे उत्तर पुरेसे नाही. ती नळी आणि गोळी यांच्यातल्या पाव मिलिमीटरसाठी होती.

लढाई सुरू झाल्यावर परीक्षेचा दुसरा निकाल लागला. उन्हाळ्यात लढणाऱ्या गोऱ्या पलटणींकडून तक्रारी आल्या: गोळी आत जात नाही. मग कर्नल बॉक्सर यांच्या देखरेखीखाली गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५० इंचांवर आणला गेला. फट तिप्पट झाली. तरीही गोळी सैल राहिली नाही, कारण बुडाच्या पोकळीतली लाकडी पाचर बाराच्या धक्क्याने पुढे घुसून शिसे फाकवी. वंगणात आधी चरबी कमी आणि मेण जास्त असे केले, आणि शेवटी निव्वळ मेणच ठेवले. म्हणजे ज्या चरबीवरून एवढे रण माजले, तिच्याशिवाय काम भागत होते! शिपायांनी स्वतःचे वंगण लावावे म्हणून परवानगी निघाली तेव्हा मेणाचाच पर्याय समोर होता. १८५३ ची परीक्षा कडक उन्हात प्रत्यक्ष बार काढून झाली असती, तर हे उत्तर चार वर्षे आधी मिळाले असते असे आम्हाला वाटते.

नेम मोजायचा कसा?

नवी रायफल चांगली की वाईट हे ठरवताना एक घोटाळा नेहमी होतो. समजा, दहा गोळ्यांची भोके लक्ष्याच्या मध्यापासून दोन हात डावीकडे, पण एका ताटलीत मावतील अशी जवळजवळ पडली. दुसऱ्या बंदुकीची दहा भोके मध्याभोवतीच, पण अंगणभर विखुरलेली. चांगली कोणती? पहिली. तिची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, जरा सरकवली की काम झाले. विखुरण्याचा दोष मात्र माशी सरकवून जात नाही. तो बहुतेक वेळा गोळी आणि नळी यांच्या बसण्यात असतो. म्हणून परीक्षक आधी सर्व भोकांचा सरासरी बिंदू काढत आणि मग प्रत्येक भोक त्या बिंदूपासून किती दूर आहे याची सरासरी घेत.

या मापाने घेतलेली एक प्रसिद्ध परीक्षा एप्रिल १८५७ मध्ये, म्हणजे मीरतेत ठिणगी पडण्याच्या आधल्याच महिन्यात, इंग्लंडमध्ये हाइथ येथे झाली. एनफिल्डसमोर होती जोसेफ व्हिटवर्थची रायफल. व्हिटवर्थ हा इंचाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत मोजणारे यंत्र बनवणारा कारागीर. त्याने घराजवळ ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गल्ली बांधली होती, वाऱ्याचा त्रास नको म्हणून. आणि तिच्यात, रॉबिन्सप्रमाणेच, पातळ कागदाचे पडदे लावले होते. त्याने नळी षट्‌कोनी केली आणि गोळीही षट्‌कोनी, एकमेकींत नेमकी बसणारी. ५०० यार्डांवर एनफिल्डचे सरासरी विचलन २.२४ फूट आले, व्हिटवर्थचे ०.३७ फूट. पहिले हातभराहून जास्त, दुसरे साधारण अर्ध्या वितीएवढे म्हणा. तरीही सैन्याने व्हिटवर्थ घेतली नाही. ती महाग होती आणि तिच्या अरुंद नळीत कीट लवकर अडचण करी. परीक्षेच्या मैदानावर जिंकलेली वस्तू चिखलात आणि धुळीत जिंकेलच असे नसते.

हे माप वर्गात घ्यायला बंदूक लागत नाही, लागूही नये. जमिनीवर खडूने खूण करा, दहा पावलांवरून दहा गोट्या टाकायला लावा, पडलेल्या जागांचा सरासरी बिंदू आलेखाच्या कागदावर काढा. मग तोच प्रयोग एकदा जड गोटीने आणि एकदा बुचाने करून विचलनांची तुलना करा. सातवीची मुलेही हे करतात.

मुद्दाम ठेवलेली फट

१८५७ नंतर इंग्रजांनी या विद्येचा जो उपयोग केला तो पाठ्यपुस्तकात येत नाही. हिंदी पलटणींसाठी त्यांनी एक वेगळी बंदूक काढली. बाहेरून ती हुबेहूब एनफिल्ड, पण नळी आतून कोरून ०.६५६ इंचांची गुळगुळीत केलेली. खाचा नाहीत, गिरकी नाही. शिपायाचा नेम लागू नये याची तजवीज कारखान्यातच झाली. पुढेही बराच काळ हिंदी शिपायाला गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागचे हत्यार देण्याचा रिवाज राहिला. लोकांच्या हातातल्या हत्यारांचे काय करायचे ते १८७८ च्या शस्त्र कायद्याने ठरवले. परवान्याने मिळेल तेवढेच शस्त्र बाळगायचे. रानडुकरांपासून धान राखायला खेड्यात जी राहिली ती बहुधा हीच गुळगुळीत नळीची भरमार.

तोपर्यंत जगात तिची गरज संपली होती. १८६६ पासून एनफिल्डच्याच नळ्या मागून उघडता येतील अशा करून घेतल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी याच बॉक्सर यांनी पितळी पत्र्याचे काडतूस तयार केले. गोळी आता मागून घालायची, त्यामुळे ती नळीहून किंचित जाड असली तरी चालते. आत जाताना सैल असण्याची अटच गेली. आणि मागून वायू निसटू नये म्हणून फुगण्याचे काम गोळीकडून पितळेकडे गेले. पितळ बाराच्या दाबाने फुगून भिंतीला चिकटते आणि दाब उतरताच किंचित आखडते, म्हणून रिकामे काडतूस सहज बाहेर काढता येते. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. पितळ ठोकले की कसे कडक होते आणि तापवले की पुन्हा कसे मऊ पडते हे इथल्या कारागिराला विचारले तर तो हातातले काम दाखवून सांगेल. काडतुसाच्या कारखान्यातही पितळ असेच ओढत आणि तापवत तयार होते.

किटाचा प्रश्न १८८४ मध्ये सुटला. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजची धूरविरहित दारू केली. ती जळून जवळजवळ सारी वायूच होते, मागे फारसे काही उरत नाही. आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरला १९६० च्या दशकात उभी राहिलेली आयुध निर्माणी याच कुळातले प्रणोदक बनवते. हे काम किती धोक्याचे आहे ते जानेवारी २०२५ च्या स्फोटात कामगारांचे जीव गेले तेव्हा साऱ्या जिल्ह्याने पाहिले.

त्या शाळेतून निघताना मुलाने त्याची बांबूची नळी आम्हाला देऊन टाकली. घरी आल्यावर तिचा आतला व्यास मोजला. एका टोकाला नऊ मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला साडेनऊ. तो बोळा नेहमी रुंद टोकाकडून घालत होता.